ठिपके जातात कुठे?

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी ३०० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक सुरू केला. लाइव्ह रॉक (समुद्री जीव वसलेले दगड), थोडे कोरल, दोन क्लीनर श्रिंप, क्लाउनफिशची जोडी आणि एक वॉचमन गोबी असा संसार आहे. तीन आठवड्यांपूर्वी चार इंची ब्ल्यू टँग आणला आणि सरळ टँकमध्ये सोडला. आठवड्याभरात त्याच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले. खाण्याला लसूण लावली, तापमान वाढवलं, आणि चौथ्या दिवशी ठिपके गायब! मी निश्चिंत झाले. पण थोड्याच दिवसांत ते परत आले, या वेळी दुप्पट, आणि क्लाउनफिशच्या परांवरही दिसतायत. टँग खातोय, पण मधूनच दगडाला अंग घासतो. एक मित्र म्हणतो टँकमध्ये कॉपर (तांब्याचं औषध) टाक. दुसरा म्हणतो काही करू नकोस, मासे आपोआप बरे होतात. दुकानदाराने ‘रीफ-सेफ’ औषधाची बाटली दिली आहे, ती अजून उघडलेली नाही. शिवाय एक अँथियस मासा बुक करून ठेवलाय. काय करू?

उत्तर : बाटली बंदच राहू द्या, टँकमध्ये कॉपर टाकू नका आणि अँथियसला तूर्त दुकानातच राहू द्या. मासे खातायत तोवर तुमच्या हाताशी वेळ आहे. पण तो फार नाही, म्हणून तयारीला आजच लागा.

तुमच्या वर्णनावरून हा मरीन इच, म्हणजे खाऱ्या पाण्यातला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, वाटतो. क्रिप्टोकॅरियॉन इरिटान्स नावाचा एकपेशीय परजीवी तो घडवतो. त्याचं जगणं एकदा समजलं की लसणीने नेमकं काय केलं (काहीच नाही) आणि ठिपके का गेले, हे दोन्ही उलगडतं.

माशावर दिसणारा पांढरा ठिपका म्हणजे कातडीच्या वरच्या थराखाली शिरून माशाच्या पेशींवर पोसणारा जीव. तीन ते सात दिवस तो तिथे राहतो, पोट भरलं की स्वतःहून माशाला सोडून देतो. तुम्ही निश्चिंत झालात तो हाच दिवस. सुटलेला जीव काही तास वाळूवर, दगडांवर सरपटतो, मग एका जागी चिकटून स्वतःभोवती टणक पुटी बांधतो. त्या पुटीच्या आत एकाचे अनेक होत जातात, एका पुटीतून दोनशेच्या आसपास पिल्लं निघू शकतात. पुटी फुटायला साधारण तीन ते अठ्ठावीस दिवस लागतात, आणि सगळ्या एकाच दिवशी फुटत नाहीत. बाहेर पडलेल्या पिल्लाला एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ते मरतं, आणि त्याचा जोर तर पहिल्या काही तासांतच ओसरू लागतो. म्हणून की काय, ही पिल्लं बहुतेक वेळा अंधारात, पहाटेच्या सुमारास बाहेर येतात. त्या वेळी मासे खाली दगडांच्या कपारीत स्वस्थ पडलेले असतात, शिकार हाताच्या अंतरावर. उघड्या समुद्रात यातल्या बहुतेकांना मासा गाठता येत नाही. ३०० लिटरच्या काचेत मात्र माशाला पळायला जागाच नसते, त्यामुळे दर फेरीला संख्या वाढते. दुसऱ्या खेपेला तुम्हाला ठिपके दुप्पट दिसले ते यामुळे.

यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा असा की औषध फक्त त्या पोहणाऱ्या पिल्लांना मारतं. कातडीखालचा जीव आणि पुटीतला जीव, दोघांपर्यंत कॉपर पोचत नाही. म्हणजे उपचार पाच-सहा दिवसांचा असूच शकत नाही. कुणी तसं सांगितलं तर त्याने ठिपके मोजले आहेत, परजीवी मोजलेला नाही.

पण आधी रोग तोच आहे ना, याची खात्री करा. खोलीतले दिवे घालवा आणि टॉर्च काचेला तिरका धरून टँगच्या कुशीवर प्रकाश टाका. समोरून झोत मारलात तर काही दिसणार नाही, प्रकाश अंगावरून घसरत गेला पाहिजे. इचचे ठिपके मिठाच्या कणाएवढे, सुटे सुटे, मोजता येतील असे आणि किंचित उंचवटा असलेले असतात. परांच्या पारदर्शक भागात तर ते स्वच्छ दिसतात. याऐवजी अंगावर पिठीसाखर भुरभुरल्यासारखी बारीक, मोजता न येणारी धूळ दिसली, मासा उजेड टाळू लागला, पॉवरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) झोतात तोंड घालून उभा राहिला आणि कल्ले भराभर हलू लागले, तर तो व्हेल्व्हेट हा दुसरा रोग असू शकतो. त्याचा जीव वेगळा, अमायलूडिनियम ओसेलाटम. तो आधी कल्ल्यांवर बसतो, त्यामुळे पुष्कळदा अंगावर धूळ दिसायच्या आतच मासा मेलेला असतो. व्हेल्व्हेटमध्ये दिवस नाही, तास मोजावे लागतात.

क्लाउनफिशकडेही नीट बघा. त्यांच्या अंगावरून पांढरट चिकट साल सुटल्यासारखी दिसत असेल तर ब्रूक्लिनेला हा तिसराच परजीवी शक्य आहे. त्यावर कॉपरचा भरवसा धरता येत नाही, त्याला फॉर्मलीनचं अल्पकाळ स्नान लागतं. फॉर्मलीन माणसालाही घातक आहे, तेव्हा माशांच्या डॉक्टरशी बोलल्याशिवाय त्याला हात लावू नका. तुम्ही लिहिलेल्या ‘परांवरच्या ठिपक्यां’वरून मला तसं वाटत नाही, पण डोळ्यांनी पाहणाऱ्या तुम्ही आहात.

आता कॉपर. तुमचा पहिला मित्र औषधाबाबत बरोबर आहे, जागेबाबत पार चुकला. कॉपर तुमच्या टँकमध्ये गेलं की श्रिंप मरतील, कोरल मरतील, दगडांतले असंख्य बारीक किडे मरतील. शिवाय लाइव्ह रॉक आणि वाळू चुनखडीची असते, ती कॉपर शोषून घेते. त्यामुळे पाण्यातली मात्रा कधी टिकत नाही, आणि शोषलेलं कॉपर पुढे कधीतरी परत पाण्यात उतरू शकतं. एकदा कॉपर खाल्लेल्या दगडांवर कोरल ठेवायचा विचार मी करणार नाही. ‘रीफ-सेफ’ बाटल्यांचं दुखणं याच्या नेमकं उलटं. कोरल आणि श्रिंपला धक्का लागणार नाही इतकं सौम्य काहीतरी त्याच पाण्यातल्या परजीवीला मात्र मारेल, हे मला कधी पटलेलं नाही. ठिपके आपसूक गेले की श्रेय बाटलीला मिळतं, एवढंच.

म्हणून चारही मासे बाहेर काढायचे. फक्त टँग काढून भागणार नाही. गोबीवर एकही ठिपका नसला तरी त्याच्या कल्ल्यांत परजीवी असू शकतो, आणि टँकमध्ये एक जरी मासा उरला तरी त्याच्या जोरावर चक्र चालू राहतं. गोबी पकडायला दगड उचलावे लागतील, कोरल हलतील, तुमची चिडचिड होईल. तरीही काढा.

उपचाराचा टँक साधा असावा. सव्वाशे-दीडशे लिटरची उघडी काच, हीटर, एअरस्टोन आणि स्पंज फिल्टर, बस. आत वाळू नको, दगड नको, फिल्टरमध्ये कार्बन नको, कारण कार्बन औषध ओढून घेतो. लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि एल्बो टाका. टँगला आपला शिरकाव होईल एवढा मोठा तुकडा लागतो, नाहीतर तो दिवसभर काचेला समांतर येरझाऱ्या घालत बसतो. पाण्याचं तापमान आणि खारटपणा मूळ टँकएवढाच ठेवा.

अशा टँकमध्ये मासे रोगाने कमी आणि अमोनियाने जास्त मरतात. नव्या स्पंजमध्ये जिवाणू नसतात, आणि चार मासे खाऊन-पिऊन पाणी रोज घाण करत असतात. तुमच्याकडे आधीपासून जिवाणू वसलेला स्पंज नसेल तर बाटलीबंद नायट्रिफाइंग जिवाणू घाला, अमोनियाची चाचणी रोज करा आणि गरज पडेल तेव्हा पाणी बदला. बदलायच्या पाण्यात आधीच तेवढंच कॉपर मिसळलेलं असलं पाहिजे, नाहीतर प्रत्येक बदलाबरोबर मात्रा खाली येईल. आणि अमोनिया ‘बांधणारी’ द्रावणं कॉपरबरोबर वापरू नका. त्यातली काही चिलेटेड (दुसऱ्या रेणूत बांधून ठेवलेलं) कॉपर एकदम मोकळं करतात आणि मासे विषबाधेने जातात.

कॉपर दोन प्रकारचं मिळतं. कॉपर सल्फेटपासूनचं आयनिक कॉपर प्रभावी आहे, पण त्याची उपचाराची पट्टी फार अरुंद, लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम. जरा खाली गेलं की निरुपयोगी, जरा वर गेलं की विषारी. चिलेटेड कॉपर पाण्यात जास्त स्थिर राहतं. त्याची मात्रा मोठी असते, बहुतेक उत्पादनांत लिटरमागे २ ते २.५ मिलिग्रॅमच्या घरात. तुमच्या हातातल्या बाटलीवर जे लिहिलं असेल ते प्रमाण. पहिल्यांदाच करताय म्हणून मी चिलेटेड सुचवेन. मात्र टेस्ट किट त्याच प्रकारचं कॉपर मोजणारं आहे ना, हे विकत घेतानाच बघा. आयनिकसाठीचं किट चिलेटेड कॉपरला चुकीचा आकडा दाखवू शकतं, आणि आयनिकची मात्रा चिलेटेडच्या बाटलीला लावली तर उपचार झालाच नाही असं समजा.

मात्रा एका दिवसात गाठू नका. चार-पाच दिवसांत टप्प्याटप्प्याने चढवा, म्हणजे माशाचं शरीर सावरतं. (व्हेल्व्हेटचा संशय असेल तर मात्र एवढी वाट पाहता येत नाही, दोन दिवसांत चढवावी लागते.) रंगाचं किट असेल तर रंग दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर धरून जुळवा. टँकच्या निळ्या दिव्याखाली सगळेच रंग पटण्यासारखे दिसतात. पूर्ण मात्रा गाठली तो पहिला दिवस, तिथून ३० दिवस. मधे एखाद्या दिवशी आकडा खाली घसरलेला सापडला तर मोजणी पुन्हा एकपासून सुरू करायची. हे ऐकायला जाचक वाटतं, पण त्या एका ढिल्या दिवसात पिल्लू माशाच्या अंगात शिरलं की तुमचे आधीचे तीन आठवडे वाया.

टँगने खाणं सोडलं तर आधी कॉपर मोजा, मग अमोनिया. दोन्ही ठीक असतील तर मात्रा पट्टीच्या खालच्या टोकाला आणून बघा. त्याला नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाची पात) क्लिपला लावून द्या. पाण्यात सैल टाकलेल्या तुकड्यांपेक्षा ती ओरबाडून खायला त्याला आवडतं. खाणं चालू आहे, अंग घासणं थांबलं आहे, कल्ले कालच्यापेक्षा संथ हलतायत, ही सुधारणा. ठिपके नाहीत, ही सुधारणा धरू नका. कारण तुम्हाला आता माहीत आहे.

कॉपर नकोच असेल तर दोन वाटा आहेत, आणि दोन्ही चांगल्या आहेत, फक्त अटींसकट. पहिली, टँक बदलण्याची. दर ७२ तासांनी मासे पूर्ण नव्या, कोरड्या करून ठेवलेल्या टँकमध्ये हलवायचे, अशा चार बदल्या बारा दिवसांत. माशावरून सुटलेला जीव पुटी बांधतो, ती फुटायच्या आत मासे तिथून निघून गेलेले असतात. औषध शून्य, कष्ट भरपूर. जुना टँक, जाळी, पाइप, एअरस्टोन सगळं रिकामं करून धुवायचं आणि पार कोरडं होऊ द्यायचं, ओलसरसुद्धा चालत नाही. दुसरी, खारटपणा उतरवण्याची. विशिष्ट गुरुत्व (खारटपणाचं माप) १.००९ वर आणून शेवटचा ठिपका दिसल्यानंतर तीन-चार आठवडे तिथेच ठेवायचं. उतरवायला दोन दिवस, परत चढवायला आठवडाभर. यात खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर नीट कॅलिब्रेट केलेला हवाच, कारण १.०११ वर परजीवीचं काही बिघडण्याची खात्री नाही. पीएचही घसरतो, तो रोज बघावा लागतो. शिवाय काही इच असे आढळले आहेत की जे एवढ्या कमी खारटपणातही तगतात.

या दोन्ही वाटा फक्त इचसाठी. व्हेल्व्हेटला खारटपणाचं सोयरसुतक नाही, जवळपास गोड्या पाण्यापासून समुद्राहून खाऱ्या पाण्यापर्यंत तो जगतो, आणि टँक बदलण्याने तो सुटत नाही. टॉर्च लावूनही ठिपका की धूळ याची खात्री होत नसेल तर कॉपरच घ्या. ते दोघांवरही चालतं. मी तुम्हाला कॉपर सुचवतोय ते यासाठीच.

इकडे मूळ टँकचं काय? तो माशांशिवाय ठेवायचा. कोरल, श्रिंप, गोगलगायी तिथेच राहू देत, हा परजीवी त्यांच्या अंगावर पोसला जात नाही. पुट्या फुटत राहतील, पिल्लं बाहेर येतील आणि मासा न मिळाल्याने मरतील. मासे पाळणाऱ्यांत ७६ दिवसांचा आकडा रूढ आहे. प्रयोगात काही पुट्या ७२ दिवसांपर्यंत फुटत राहिल्या होत्या, त्यावर थोडी भर घालून तो आला. बहुतेक पुट्या त्याच्या कितीतरी आधी फुटून जातात हे खरं, आणि पाणी उबदार असेल तर चक्र लवकर पुरं होतं. म्हणून काही जण सहा आठवड्यांवर थांबतात. पण इतका खटाटोप केल्यावर शेवटच्या चार-पाच आठवड्यांत घाई करण्यात मला शहाणपण दिसत नाही. ७६ मोजा, आणि मोजणी शेवटचा मासा बाहेर निघाला त्या दिवसापासून. या काळात नवीन कोरल किंवा गोगलगाय आणू नका. त्यांच्या दगडावर, शिंपल्यावर पुटी चिकटून येऊ शकते आणि मग घड्याळ पुन्हा शून्यावर.

दोन टँकमध्ये जाळी, कप, मग, ओले हात, काहीही सामाईक नको. शक्य असेल तर उपचाराचा टँक दुसऱ्या खोलीत, निदान तीन मीटर लांब ठेवा. व्हेल्व्हेटचे जीव हवेतल्या बारीक तुषारांतून जवळपास तेवढं अंतर कापतात हे प्रयोगात दिसलेलं आहे, आणि एअरस्टोनचे बुडबुडे दिवसभर तुषार उडवत असतात.

तुमच्या दुसऱ्या मित्राबद्दल. ‘काही करू नकोस’ हे त्याचं म्हणणं सपशेल खोटं नाही. एकदा इचमधून वाचलेल्या माशाला काही महिने पुरेल एवढी प्रतिकारशक्ती येते, आणि काही टँक वर्षानुवर्षं एखाद-दुसरा ठिपका घेऊन चालतात. पण तिथे रोग गेलेला नसतो, दबून असतो. पाणी बिघडलं, वीज गेली, नवा मासा आला की उसळतो. त्यात ब्ल्यू टँगसारखे सर्जनफिश इचला सगळ्यात आधी बळी पडणाऱ्यांत, आणि तुमच्याकडे ठिपके दर फेरीला वाढतायत. अशा टँकवर हा जुगार मी खेळणार नाही.

तापमान वाढवण्याची युक्ती गोड्या पाण्यातून आली आहे. तिथल्या इचचा जीव वेगळाच आहे, नावसाधर्म्याने गोंधळ होतो. खाऱ्या पाण्यातल्या जिवाला ऊब मिळाली की तो आपलं चक्र फक्त लवकर उरकतो. वर गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि कल्ले पोखरलेल्या माशाला नेमका तोच हवा असतो. तापमान हळूहळू खाली आणा. क्लीनर श्रिंप माशावर चढून टोचताना दिसतात, पण कातडीखालचा जीव त्यांना काढता येत नाही. यूव्ही (पाण्यावर अतिनील किरण सोडणारा दिवा) लावला असेल तर चालू राहू द्या. त्यातून जाणारी पिल्लं मरतील, पण रात्री वाळूवरून निघून थेट माशाकडे जाणारी त्यात सापडणार नाहीत.

अँथियसचं म्हणाल तर, दुकानदाराला सांगा की मासा ठेवता येत नसेल तर दुसऱ्याला द्या. तुमच्या उपचाराच्या टँकमध्ये तो आत्ता नको, तिथे गर्दी झालेली आहे. पुढे जेव्हा आणाल तेव्हा त्याला चार ते सहा आठवडे वेगळा ठेवा. त्या काळात कृमींवर प्रॅझिक्वांटेलही देऊन घ्या, लिटरमागे २ ते २.५ मिलिग्रॅम आणि साधारण आठवड्याने परत एकदा, कारण पहिली मात्रा अंड्यांना मारत नाही. अंडी फुटून निघालेल्यांसाठी दुसरी. ते देताना हवा जोरात चालू ठेवा.

कॉपरचे ३० दिवस संपले की कार्बन लावून आणि पाणी बदलून कॉपर उतरवा, आणि उरलेले दिवस मासे त्याच टँकमध्ये साध्या पाण्यात राहू द्या. या दिवसांत काही लपलं असेल तर ते इथेच वर येईल, मूळ टँकमध्ये नाही. ७७व्या दिवशी आधी गोबी आणि क्लाउनफिश परत सोडा. टँगला एक-दोन दिवसांनी, दिवे मालवून. तो आधी गेला तर सगळा टँक आपल्याच मालकीचा समजून बाकीच्यांना पिटाळत बसेल.